डिफरन्शियलच्या दुरुस्तीनंतर प्रोपेलर शाफ्टची थरथर पुन्हा पुन्हा का सुरू होते

डिफरन्शियलचे, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधून चाके फिरवणाऱ्या गिअरच्या संचाचे, काम करून गाडी गॅरेजमधून बाहेर येते, क्राऊन-पिनियनचा (त्यातल्या मोठ्या आणि लहान दातेरी चाकांचा) जुना आवाज गेलेला असतो, पण ताशी पन्नास-साठ किलोमीटरच्या पुढे गेल्यावर पायाखालचा पत्रा, सीट आणि गिअरचा दांडा थरथरू लागतो, अशी तक्रार मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचे मालक आणि चालक वारंवार करतात. मग प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सचे फेरे डिफरन्शियलपर्यंत नेणाऱ्या लांब नळीचे, क्रॉस (टोकांचे अधिकच्या आकाराचे सांधे) बदलले जातात, सेंटर बेअरिंग (शाफ्टचा मधला आधार) बदलले जाते, शाफ्ट बॅलन्स करून (फिरतानाचा तोल साधून) आणला जातो, थोडे दिवस बरे वाटते आणि थरथर परत येते. दुरुस्तीपूर्वी थरथर नव्हती आणि दुरुस्तीनंतर लगेच सुरू झाली असेल, तर नवा भाग विकत घेण्यापूर्वी शाफ्ट परत कसा बसवला गेला हे तपासले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. खर्च वाचतो हे तर खरेच, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की भरलेली पिकअप कसारा किंवा आंबा घाटातून उतरत असताना फ्लँजचे (शाफ्ट जोडणाऱ्या गोल तबकड्यांचे) बोल्ट तुटून शाफ्ट खाली पडणे हा जिवावरचा प्रसंग असतो, आणि त्याची पूर्वसूचना बहुतेक वेळा हीच थरथर देत असते.

पुढील विवेचन बोलेरो पिकअप किंवा टाटा ४०७ यांसारख्या, मागचा अ‍ॅक्सल पाट्यांच्या स्प्रिंगवर बसवलेल्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. बोल्ट किती टॉर्कने (पिळण्याच्या जोराने) आवळायचा, क्रॉसमध्ये किती ढिलाई चालते, यांचे आकडे मात्र प्रत्येक मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावेत.

गाडीखाली जाण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवणे अत्यावश्यक आहे. शाफ्ट सुटला की इंजिन आणि चाके यांचा संबंध तुटतो, त्यामुळे गाडी गिअरमध्ये टाकून ठेवली तरी ती जागेवर राहत नाही. ज्या गाड्यांचा हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवरच काम करतो, त्यांत तोही निकामी होतो. म्हणून जमीन सपाट असावी, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत आणि गाडी केवळ जॅकवर न ठेवता घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवावी.

आधी थरथर ओळखावी

तपासणीची सुरुवात पान्याने करू नये, रस्त्यावर करावी. मोकळ्या, सरळ आणि सपाट रस्त्यावर ज्या वेगाला थरथर येते तो वेग गाठून क्षणभर न्यूट्रल करावे. उतारावर किंवा घाटात हा प्रयोग कदापि करू नये. इंजिनचे फेरे खाली आले तरी थरथर तशीच राहिली, तर तिचे मूळ इंजिन किंवा क्लचमध्ये नाही, ते गिअरबॉक्सच्या मागे शाफ्ट, डिफरन्शियल किंवा चाकांत आहे, एवढे निश्चित होते.

त्यानंतर चाक आणि शाफ्ट वेगळे करावे लागतात, आणि त्यासाठी साधे गणित पुरते. पंधरा इंची रिमवरच्या २१५/७५ मापाच्या टायरचा घेर सुमारे २.२ मीटर असतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाकाचे मिनिटाला सुमारे ४५५ फेरे. क्राऊनला ३७ आणि पिनियनला ९ दाते असतील तर गुणोत्तर ४.११ होते आणि शाफ्ट मिनिटाला सुमारे १८७० फेरे घेतो. सेकंदात मोजायचे झाले तर चाकाचा दोष सेकंदाला सात-आठ हेलकावे देतो, शाफ्टच्या तोलाचा दोष सेकंदाला ३१ कंप देतो, आणि क्रॉसच्या कोनाचा किंवा योकच्या (क्रॉस धरणाऱ्या दोन कानांच्या चिमट्याच्या) चुकीच्या जुळणीचा दोष त्याच्या दुप्पट, म्हणजे ६२ कंप देतो. चाकाचा हेलकावा शरीराला डुलल्यासारखा कळतो, तोल बिघडलेल्या शाफ्टचा कंप तळव्यांना झिणझिण्यांसारखा कळतो, तर दुप्पट कंप कानाला घुमणाऱ्या आवाजासारखा ऐकू येतो. सरावाने हा फरक निश्चित ओळखता येतो.

आणखी दोन निरीक्षणे फार उपयोगी पडतात. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर थरथर वाढते आणि पाय काढताच जवळजवळ नाहीशी होते, अशी अवस्था असेल तर संशय कोनावर घ्यावा. तोल बिघडलेला असेल तर पाय दाबला काय आणि काढला काय, वेग तोच असेपर्यंत थरथर फारशी बदलत नाही. तसेच रिकाम्या गाडीला थरथर आहे आणि माल भरल्यावर ती कमी होते, किंवा याच्या उलट घडते, असे असेल तरीही कोनच तपासावा, कारण पाटे दबले की शाफ्टचा उतार बदलतो आणि शाफ्टचा तोल मात्र बदलत नाही.

योकची जुळणी आणि स्प्लाइनचे दाते

क्रॉस-जॉइंट कोनात फिरतो तेव्हा एका बाजूचा वेग एकसारखा असला तरी दुसऱ्या बाजूचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. कोन ५ अंश असेल तर हा चढउतार अर्ध्या टक्क्याहून कमी राहतो, १० अंशांना तो दोन्ही बाजूंना सुमारे दीड टक्का होतो. म्हणूनच शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात आणि त्याचे स्वतःचे दोन्ही योक एकाच पातळीत ठेवलेले असतात, जेणेकरून पहिल्या क्रॉसने निर्माण केलेला चढउतार दुसऱ्याने पुसून टाकावा.

दुरुस्तीसाठी शाफ्ट उतरवताना तो पुष्कळदा स्लिप जॉइंटमध्ये (लांबी कमीजास्त होऊ देणाऱ्या सरकत्या जोडात) सुटा होतो, किंवा ग्रीस घालण्यासाठी मुद्दाम सुटा केला जातो, आणि परत घालताना स्प्लाइन (त्या जोडातली उभ्या दात्यांची जुळणी) एक-दोन दाते सरकून बसते. सोळा दात्यांच्या स्प्लाइनमध्ये एक दाता म्हणजे २२.५ अंशांचा फरक पडतो आणि चढउतार पूर्ण पुसला जाण्याऐवजी त्यातला बराच भाग शिल्लक राहतो. योक ९० अंशांनी चुकले तर दोन्ही क्रॉसचे चढउतार एकमेकांत मिळून दुप्पट होतात. गाडी तरीही चालते, हीच यातली अडचण आहे. ती चालते म्हणून कोणाला शंका येत नाही, आणि तो सततचा पीळ क्रॉस, पिनियनचे बेअरिंग आणि गिअरबॉक्सचा मागचा बुश यांना झिजवत राहतो. नवा क्रॉस टाकल्यावर थोडे दिवस बरे का वाटते आणि नंतर तोच क्रॉस पुन्हा का खळखळतो, याचे उत्तर पुष्कळदा इथे सापडते.

बनावटीच्या वेळी दोन्ही भागांवर बाण किंवा ठिपके कोरलेले असतात. ते चिखल, गंज आणि रंगाखाली दडलेले असतात, म्हणून तारेच्या ब्रशने जागा घासून डिझेलने पुसावी. बाण समोरासमोर असतील तर प्रश्नच मिटला. खुणा सापडल्याच नाहीत तर शाफ्ट सपाट फरशीवर दोन सारख्या ठोकळ्यांवर ठेवून, एका टोकाच्या योकचे दोन्ही कान लेव्हलने आडवे करावेत आणि दुसऱ्या टोकाचे कानही आडवे आहेत का ते पाहावे. या पद्धतीला एक मर्यादा आहे: स्प्लाइन बरोबर अर्धा फेरा, म्हणजे १८० अंश फिरून बसली असेल तर कान आडवेच दिसतात, परंतु शाफ्ट ज्या स्थितीत बॅलन्स केला होता ती स्थिती बदललेली असते. अशा वेळी कोनाचा दोष राहत नाही, तोलाचा राहतो. लांब चेसिसच्या गाड्यांत सेंटर बेअरिंगसह दोन तुकड्यांचा शाफ्ट असतो आणि तिथे तीन क्रॉसची जुळणी उत्पादकाने ठरवलेली असते. ती अंदाजाने करू नये, मॅन्युअलमधील आकृती समोर ठेवूनच करावी.

फ्लँजची बैठक आणि बोल्ट

माझ्या मते या संपूर्ण कामात सर्वाधिक दुर्लक्ष फ्लँजच्या बैठकीकडे होते. पिनियनच्या फ्लँजवर मधोमध एक गोल उंचवटा असतो आणि शाफ्टच्या फ्लँजमध्ये त्याच मापाचा खळगा असतो. शाफ्ट मध्यावर ठेवण्याचे काम हा उंचवटा करतो, बोल्ट करत नाहीत. डिफरन्शियल बाहेर काढताना फ्लँज हातोडीने ठोकला गेला असेल तर कडेला बारीक उठाव येतो. जुन्या सीलंटचा पापुद्रा, रंगाचा थर किंवा वाळूचा कण खळग्यात राहिला तर शाफ्ट तिरका किंवा बाजूला सरकून बसतो, आणि बोल्ट कितीही आवळले तरी तो सरळ होत नाही.

एवढ्याशा सरकण्याने काय होणार, असे कोणी म्हणेल. शाफ्टच्या त्या टोकाला ६ किलो वजन येते असे धरले आणि ते मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकले, तर १८७० फेऱ्यांना प्रत्येक फेऱ्यात सुमारे १२ किलो वजनाएवढा झटका पिनियनच्या बेअरिंगवर फिरत राहतो. वेग दीडपट होऊन ताशी ९० झाला की तो सव्वादोनपट, म्हणजे सुमारे २६ किलो होतो, कारण हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साठला जेमतेम जाणवणारी थरथर नव्वदला असह्य का होते, ते यावरून कळेल.

म्हणून दोन्ही फ्लँजची तोंडे स्वच्छ पुसावीत, उठाव बारीक कानशीने फक्त तेवढ्यापुरते काढावेत, आणि शक्य असेल तर पिनियन फ्लँजला डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारे काट्याचे मापक) लावून तो हाताने फिरवून पाहावा. काटा मॅन्युअलमधील मर्यादेबाहेर हलत असेल तर फ्लँज वाकलेला आहे किंवा पिनियनवर नीट बसलेला नाही. शाफ्ट काढण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर पंचाने खूण केलेली असेल तर ती जुळवूनच बोल्ट घालावेत. खूण केलेली नसेल आणि चार बोल्टांचा सममित फ्लँज असेल, तर शाफ्ट फ्लँजवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवावा आणि गाडी चालवून पाहावी. फ्लँजचा थोडा दोष आणि शाफ्टचा थोडा दोष एका बाजूला आले तर त्यांची बेरीज होते, विरुद्ध बाजूंना आले तर वजाबाकी होते. बिनखर्चाचा हा उपाय पुष्कळदा पुरेसा ठरतो आणि तो करून पाहिल्याशिवाय शाफ्ट बॅलन्सिंगला पाठवू नये.

बोल्टांविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण "बोल्ट परत परत तुटतात" ही याच तक्रारीची पुढची पायरी आहे. या जोडात इंजिनचा पीळ एका फ्लँजकडून दुसऱ्याकडे जातो तो मुख्यतः दोन तोंडांमधल्या घर्षणामुळे जातो, आणि बोल्टांचे काम ती तोंडे पुरेशा जोराने एकमेकांवर दाबून धरणे हे असते. दाब कमी पडला किंवा तोंडांवर ग्रीस, ऑइल अथवा रंग राहिला, की तोंडे किंचित घसरू लागतात, पीळ बोल्टांच्या दांड्यांवर येतो, छिद्रे लांबट होतात आणि बोल्ट कातरले जातात. अशा वेळी जाड बोल्ट घालण्यासाठी छिद्र मोठे करणे किंवा नट वेल्डिंगने टाचणे हे उपाय अतिशय घातक आहेत. बोल्टच्या डोक्यावर जी श्रेणी कोरलेली असते तीच श्रेणी परत वापरावी: ८.८ श्रेणीचा बोल्ट साधारण ८०० मेगापास्कल ताण सोसतो तर १०.९ श्रेणीचा १०००, त्यामुळे १०.९ च्या जागी मापाला बसतो म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला कोणताही बोल्ट चालत नाही. नायलॉनचे कडे असलेले नट एकदा सोडले की नवेच घालावेत. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, दोन टप्प्यांत आणि टॉर्क रेंचनेच आवळावेत. पान्याला पाइप लावून मारलेला जोर कधी कमी पडतो आणि कधी बोल्ट ताणून टाकतो. शेवटी नट आणि फ्लँज यांवर रंगाची एक सलग रेघ ओढावी, म्हणजे पुढे नट हलला की रेघ तुटलेली दिसते.

पिनियनचा कोन

येथे दुरुस्ती नेमकी कशी झाली हे विचारावे लागते. काही गाड्यांत डिफरन्शियलचा संच अ‍ॅक्सल हाऊसिंगच्या (अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या कवचाच्या) पुढच्या तोंडातून बाहेर निघतो आणि हाऊसिंग जागेवरच राहते; अशा वेळी कोन बिघडण्याचे कारण नसते. काहींत मागचे झाकण उघडून काम होते, आणि अनेक गॅरेजांत सोयीसाठी पूर्ण अ‍ॅक्सलच गाडीखालून काढला जातो. अ‍ॅक्सल निघाला असेल तर पाट्यांवरची त्याची बैठक तपासलीच पाहिजे. पाट्यांच्या सेंटर बोल्टचे डोके हाऊसिंगच्या बैठकीतील छिद्रात बसले आहे ना, पाटे आणि बैठक यांच्यामध्ये पाचरीच्या आकाराची पट्टी होती का, ती परत घातली का आणि तिची जाड बाजू पूर्वीच्याच दिशेला आहे का, हे पाहावे. ही पट्टी काढलेल्या बोल्टांच्या डब्यात राहून जाणे किंवा उलटी बसणे सहज घडते, आणि पिनियनचे तोंड काही अंशांनी वर किंवा खाली होते. यू-बोल्ट (पाटे अ‍ॅक्सलला बांधणारे बोल्ट) आवळताना गाडीचे वजन अ‍ॅक्सलवर असावे.

कोन मोजण्यासाठी चुंबकाचे डिजिटल अँगल गेज उत्तम. गाडी रिकामी, चाकांवर उभी, टायरमध्ये योग्य हवा, अशा स्थितीत गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजचा, शाफ्टचा आणि पिनियन फ्लँजचा उतार मोजावा. एक तुकड्याच्या शाफ्टला गिअरबॉक्स आणि शाफ्ट यांच्यातला कोन, आणि शाफ्ट आणि पिनियन यांच्यातला कोन, हे दोन्ही एका अंशाच्या आत सारखे असावेत. कोन शून्य असणे चांगले, अशी एक समजूत आढळते. ती योग्य नाही. क्रॉसच्या कपांमधील (टोकांवरच्या टोप्यांमधील) सुईसारखे रोलर थोडे फिरत राहावेत यासाठी किमान अर्धा अंश तरी कोन लागतो, नाहीतर ते एकाच जागी दाबले जाऊन क्रॉसच्या दांड्यावर खाचा पाडतात.

क्रॉस आणि सेंटर बेअरिंग

क्रॉस हाताने चारही दिशांना फिरवून पाहावा. तो एका दिशेला अडखळत असेल तर कप बसवताना एखादी सुई आडवी पडली आहे किंवा लॉक पूर्ण बसलेले नाही. केवळ घट्टपणा असेल तर योकच्या कानावर तांब्याच्या हातोडीने हलका ठोका दिल्यावर तो मोकळा होतो. ग्रीस चारही कपांच्या सीलमधून बाहेर येईपर्यंत भरावे. सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटचे बोल्ट आधी सैल ठेवावेत आणि शाफ्ट पूर्ण बसून गाडी चाकांवर उभी राहिल्यावर आवळावेत, म्हणजे रबर पिळले जात नाही. ब्रॅकेटखाली पट्ट्या असतील तर त्या तितक्याच परत घालाव्यात. त्या विसरल्या तर पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलताना धडधड होते आणि वेग घेतल्यावर ती जाते.

शाफ्टवर खोटा आळ येतो तेव्हा

काही तक्रारी थरथरीच्या नावाने येतात, पण मूळ डिफरन्शियलच्या आत असते. ऑइल सील बदलण्यासाठी पिनियनचा नट सोडला जातो. अनेक डिफरन्शियलांत पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये दाबाने आखडणारा स्पेसर (अंतर राखणारी नळी) असतो, आणि नट प्रमाणाबाहेर आवळला की तो जास्त आखडतो. नंतर नट सैल केल्याने चूक दुरुस्त होत नाही, कारण आखडलेला स्पेसर पुन्हा लांब होत नाही. नवा स्पेसर घालून बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब) पुन्हा मोजावा लागतो. दहा-पंधरा किलोमीटर चालवून गाडी थांबवावी आणि हाऊसिंगचा पिनियनजवळचा भाग तापमापकाने तपासावा. तो बाकीच्या हाऊसिंगपेक्षा फार गरम असेल आणि घरघर ऐकू येत असेल, तर शाफ्ट सोडून इकडे लक्ष द्यावे.

दुसरी शक्यता गुणोत्तराची. जुना संच मिळाला नाही म्हणून ९:३७ च्या जागी ८:३९ दात्यांचा क्राऊन-पिनियन बसवला गेला, तर गुणोत्तर ४.८८ होते आणि ताशी ६० ला शाफ्ट १८७० ऐवजी सुमारे २२२० फेरे घेऊ लागतो. पूर्वी सत्तरच्या पुढे येणारी किरकोळ थरथर मग साठलाच दिसते. ज्या गाड्यांत स्पीडोमीटर गिअरबॉक्समधून चालतो, त्यांत काटा प्रत्यक्षापेक्षा जास्त वेग दाखवू लागतो, आणि मोबाइलच्या जीपीएसशी तुलना केली की ही अदलाबदल उघड होते. बिलावर दात्यांची संख्या लिहून मागावी.

पिनियनचे सील पुन्हा पुन्हा गळत असेल तर तेही शाफ्टच्या माथी मारू नये. आधी हाऊसिंगवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी वाट) पाहावा. उसाच्या किंवा भाताच्या शेतातून फिरणाऱ्या गाड्यांचा ब्रीदर चिखलाने बुजतो, गरम हवेला वाट राहत नाही आणि ऑइल सीलमधून बाहेर ढकलले जाते. ब्रीदर मोकळा असूनही गळती असेल तर फ्लँजच्या दांड्यावर सीलने पाडलेली चर नखाने तपासावी.

एवढे सर्व पाहूनही थरथर राहिली तर शाफ्ट बॅलन्सिंगला पाठवावा, मात्र तो नव्या क्रॉससह, स्लिप जॉइंट खुणेवर जोडून, सेंटर बेअरिंगसकट पूर्ण संच म्हणून द्यावा. सुटे तुकडे वेगवेगळे बॅलन्स करून आणल्यास काम वाया जाते. नळीला पोचा पडला आहे का आणि पूर्वीची वजनाची पत्र्याची टिकली निघून गेली आहे का, हे देण्यापूर्वी पाहावे. टिकली निघाली असेल तर नळीवर वेल्डिंगचे दोन ठिपके आणि रंग उडालेली चौकोनी जागा दिसते.

गाडी परत चालू लागल्यावर पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर ती पुन्हा सपाट जागी उभी करून फ्लँजच्या बोल्टांवरची रंगाची रेघ पाहावी, यू-बोल्ट टॉर्क रेंचने तपासावेत आणि पिनियनच्या सीलखाली ऑइलचा ओलावा आहे का ते कोऱ्या कापडाने पुसून पाहावे. रेघ तुटलेली आढळली तर नुसता नट आवळून गाडी पुढे नेऊ नये. शाफ्ट खाली घेऊन दोन्ही फ्लँजची तोंडे आणि छिद्रे पाहावीत आणि त्या जोडाचे सर्व बोल्ट-नट नवे घालावेत. चालत्या गाडीत अचानक पत्र्यावर जोराचे ठोके ऐकू आले, तर पुढच्या गॅरेजपर्यंत नेण्याचा विचार न करता वेग कमी करून कडेला थांबावे आणि गाडी टो करूनच न्यावी.